डाव्या पायाचा हिशोब

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. घरात एक भांडण चालू आहे आणि ते डोक्यातून गेल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. भांडण ट्रकवरून आहे. (हसू नका. आमच्याकडे जमिनीवरून झाली नाहीत तेवढी भांडणं ट्रकवरून झाली आहेत.)

झालं असं, की दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाला, जुना ट्रक काढून नवा घ्यायचा आहे. त्याच्या चार गाड्या आहेत. तासगावहून बेदाणा, भाजी, हंगामात द्राक्षं वाशीच्या मार्केटला पोचवायची आणि येताना मिळेल ते रिटर्न भाडं आणायचं, असा धंदा. मी भोसरीत गिअरबॉक्सचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पंधरा वर्षं क्वालिटीला आहे, त्यामुळे ट्रकमधलं मला कळतं असं घरच्यांचं मत आहे. दादाने तीन कोटेशनं पाठवली, सोबत त्याने स्वतः केलेला तक्ता पाठवला आणि खाली लिहिलं, "कुठली घ्यावी सांग."

तक्ता उत्तम होता. किंमत, हप्ता, पासिंग किती टनाचं, हौदा किती फुटी, ॲव्हरेज, टायरचा साइज, ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, पाच वर्षांनी विकली तर किती येतील. सगळं होतं. फक्त जो माणूस त्या गाडीत महिन्यातले पंचवीस दिवस बसणार आहे, त्याच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तक्त्यात तीन रकाने वाढवले: बसायला कशी, वळवायला कशी, गिअर कुठला. आणि परत पाठवला.

दादाचं उत्तर आलं, "गाडी ड्रायव्हरला फिरायला घेतोय का?"

आजचं लिखाण म्हणजे ह्या एका वाक्याला उत्तर आहे. दादा हे वाचतो, वहिनी तर नक्की वाचते, तेव्हा तोंडावर बोललोय असंच समजावं.

आधी अण्णांबद्दल. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला. त्यातली पहिली दोन वर्षं चासी पोचवायचं काम होतं. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांना सांगतो. त्या काळी बरेचसे ट्रक कारखान्यातून बिनकेबिनचेच बाहेर पडायचे. नुसता सांगाडा, इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढे एक पत्रा. केबिन आणि हौदा गिऱ्हाईक आपल्या आवडीच्या बॉडी बिल्डरकडे बांधून घ्यायचा. सरहिंद, नामक्कल ही गावं त्यावर मोठी झाली. पण तिथपर्यंत ती चासी चालवत न्यायला माणूस लागायचा. तो फळी ठोकून, वर पोतं टाकून बसायचा. डोळ्याला गॉगल, तोंडाला फडकं. वर छप्पर नाही, पुढे काच नाही, बाजूला दार नाही. अण्णा असे पुण्याहून पंजाबपर्यंत गेलेले आहेत, डिसेंबरात. ते हे सांगतात तेव्हा तक्रार म्हणून सांगत नाहीत, गंमत म्हणून सांगतात. राग मला येतो.

कारण आपल्याकडे ट्रक बघायची दृष्टी तिथेच घडली असं माझं मत आहे. इंजिन आणि चाकं म्हणजे ट्रक. माणूस बसायची जागा ही नंतर, वेगळ्या पैशाने, जमेल तशी करून घ्यायची गोष्ट. विकणाऱ्याची जबाबदारी नाही, घेणाऱ्यालाही खर्च वाचला तर हवाच. दादाचा तक्ता हा त्या उघड्या चासीचाच तक्ता आहे, फक्त तो आता एक्सेलमध्ये आहे.

असो. नुसत्या रागाने काही होत नाही, म्हणून मी मोजायचं ठरवलं.

जी गाडी काढायची आहे ती २०११ ची सहाचाकी. चासी घेऊन केबिन बांधलेली. आतून लाकूड, वरून पत्रा, रंगीत काचा, गोंडे, देवाचा फोटो, सगळा थाट. दिसायला देखणी, ह्यात वाद नाही. तिच्यावर मामा आहेत. (मामा म्हणजे ड्रायव्हर. नात्याने कुणाचेच मामा नाहीत, पण सगळं घर त्यांना मामाच म्हणतं.) मी कारखान्यातून हाताने मोजायचं एक यंत्र आणलं, ते अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने वाढतो. आणि वाशीहून येताना मामांच्या शेजारी बसलो. ठरवलं होतं, डावा पाय क्लचवर पडला की एक.

मार्केटच्या फाटकातून निघालो ते पहाटे साडेपाचला, कळंबोलीपर्यंतच माझा अंगठा दुखायला लागला. मग एक्सप्रेसवे, तिथे जरा आराम. बोरघाटाचा चढ, पुढे वाकडपासून चांदणी चौक, वारजे, नवले पूल ही पुण्याची कृपा, मग नव्या कात्रज बोगद्यापर्यंतचा चढ, आणि शेवटी खंबाटकी. खंबाटकीच्या माथ्यावर यंत्रात आकडा होता ६८७. अजून सातारा यायचा होता. त्यापुढे मी मोजलं नाही, अंगठ्याने राजीनामा दिला.

हा एका बाजूच्या प्रवासाचा, तोही अर्ध्याहून थोड्या जास्त वाटेचा आकडा. जाताना तेवढंच धरलं आणि महिन्याला दहा फेऱ्या धरल्या तर नुसत्या ह्या पट्ट्यात तेरा-चौदा हजार वेळा मामांचा पाय ते पेडल तळापर्यंत दाबतो. आणि जुन्या गाडीचं ते पेडल म्हणजे कारचं क्लच नव्हे. मी स्वतः बंद गाडीत बसून पन्नास वेळा दाबून पाहिलं. पन्नासाव्याला मांडी थरथरत होती. त्यात इंजिनचं झाकण डाव्या गुडघ्याला लागून, त्याची धग वेगळी. सीट म्हणजे फळीवर फोम, पुढे-मागे सरकत नाही. मामा साडेपाच फुटी आहेत, पेडल तळाला न्यायचं तर त्यांना कंबर पुढे घसरावी लागते. म्हणजे प्रत्येक क्लचला पाय आणि कंबर दोन्ही.

अण्णांना आकडा सांगितला. ते खुर्चीत डावा पाय लांब करून बसले होते, हल्ली तसेच बसतात. जिना उतरताना डावा पाय आधी टाकतात आणि कठडा धरतात. डॉक्टर म्हणतात वय झालं. झालं असेल. पण उजव्या पायाचं वय झालेलं दिसत नाही. अण्णा म्हणाले, "आरं, मोजलं असतं तर बसलोच नसतो गाडीत."

आता नव्या गाड्या. एक आहे कारखान्यातूनच केबिन लागून आलेली, सहा गिअरची, हाताने बदलायची. ही आम्ही सांगलीला डीलरकडे चालवून पाहिली. सीट सरकते, पाठ मागे-पुढे होते, खाली स्प्रिंग आहे. केबिन चासीवर थेट बोल्ट मारून बसवलेली नाही, चारही कोपऱ्यांत तिला स्वतःचे स्प्रिंग आहेत, त्यामुळे खड्ड्याचा मार आधी टायर खातात, मग पाटे, मग केबिनचे स्प्रिंग, मग सीट, आणि उरलेला माणसाला मिळतो. जुन्या गाडीत मधले दोन नाहीतच. स्टिअरिंग इतकं हलकं, की मामांनी पहिल्या वळणाला जास्तच फिरवलं. क्लचला हवेची मदत आहे, पेडल मऊ आहे. एसी आहे.

एसीबद्दल बोलायलाच हवं, कारण दादाचा खरा राग त्याच्यावर आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार झालेल्या साडेतीन टनांवरच्या सगळ्या मालट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. अधिसूचना डिसेंबर २०२३ मधली. म्हणजे कारखान्यांना तयारीला जवळजवळ दोन वर्षं दिली. दादाचं म्हणणं, आणि हे मी शंभर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या तोंडून ऐकलंय, की एसीत ड्रायव्हर झोपेल.

मला सांगा, दादर-पुणे शिवनेरीत तुम्ही किती वेळा बसलात? ड्रायव्हर एसीतच असतो ना? "ड्रायव्हरपुरता एसी बंद करा हो, झोपेल," असं कधी कुणी कंडक्टरला म्हटलंय? आपण मागे गार हवेत घोरत असतो आणि पुढचा माणूस जागा राहतो ह्यावर आपला पूर्ण विश्वास असतो. तोच माणूस खाली उतरून मालट्रकवर चढला की एकदम झोपाळू कसा होतो? झोप येते ती जागरणाने. नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. दादा, ह्या कायद्याप्रमाणे तुझी एक तरी फेरी झाली आहे का? माल पहाटे लिलावाला पोचला पाहिजे म्हणून रात्रभर गाडी पळवायची, सकाळी हमाल येईपर्यंत त्याच केबिनमध्ये घामात दोन तास डोळा लावायचा, दुपारी रिटर्न भाडं. आणि झोपेचं खापर एसीवर?

आणि पैशाचं म्हणशील तर २२ सप्टेंबर २०२५ ला मालट्रकांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वीस लाखांच्या मूळ किमतीवर सरळ दोन लाख वाचले. ते वाचले तेव्हा घरात पेढे वाटले, मीही खाल्ले. त्यातला थोडा हिस्सा मामांच्या डोक्यावरच्या गार हवेला गेला तर तो "खर्च" झाला. २०२० मध्ये बीएस-६ आलं, गाड्या महागल्या, युरियाची वेगळी टाकी आली, तिचं पाणी भरणं आलं. कुरकुर केलीस, पण घेतलीस. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या हवेची आपण किंमत मोजली, आणि मोजलीच पाहिजे. केबिनच्या आतली हवा तेवढी चैनीची.

आता तिसरी गाडी, जिच्यावरून खरं वाजलं. तीच केबिन, तेच इंजिन, फक्त एएमटी. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ह्यात गिअरबॉक्स आत साधाच असतो, तेच दाते, तेच गिअर. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही दोन कामं पायाऐवजी आणि हाताऐवजी एक यंत्रणा करते, आणि कधी करायची ते संगणक ठरवतो. पायाखाली दोनच पेडल. महागड्या गाड्यांतला ऑटोमॅटिक वेगळा, त्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाचं काम असतं. एएमटी त्यापेक्षा स्वस्त, आणि नीट चालवली तर ॲव्हरेज मॅन्युअलच्या बरोबरीने देऊ शकते, कारण ती चुकीच्या गिअरमध्ये रेटत नाही आणि अर्ध्या क्लचवर पाय ठेवून प्लेट जाळत नाही. युरोपात लांब पल्ल्याच्या ट्रकांत आज बहुतेक हीच असते. व्होल्वोने २००१ मध्ये आणली तेव्हा तिथेही जुने ड्रायव्हर हसले असणार.

डीलरकडे डेमोला एएमटी नव्हती. विकणाऱ्यालाच विकायची नाही असं एकूण दिसलं. शेवटी ओळखीच्या एकाची मागून घेतली आणि मामांना बसवून भरलेली गाडी वाकडपासून खंबाटकीच्या माथ्यापर्यंत नेली. खोटं बोलत नाही, पहिला अर्धा तास वाईट गेला. वारज्यात पुढचा टेम्पो थांबला आणि मामांचा डावा पाय सवयीने क्लच शोधत ब्रेकवर पडला. मी काचेला लागलो, मागचा कंटेनरवाला आमच्या सात पिढ्यांना लागला. मग मामांनी तो पाय उचलून सीटच्या कडेला अक्षरशः लपवून ठेवला आणि विचारलं, "भाऊ, ह्येचं आता करू काय?"

खंबाटकीच्या एका वळणावर गाडीने नको तेव्हा वरचा गिअर टाकला, दम गेला, मग दोन गिअर खाली आली. मामांनी शिवी हासडली. हे दादाला मी लपवलं नाही. पुढचा चढ संगणकाला दिसत नाही, मामांना दिसतो. पण लिव्हर बाजूला करून गिअर हाताने ठरवायची सोय त्यात आहे, तीही क्लचशिवाय. पुढच्या वळणाला मामांनी आधीच खालचा गिअर धरला आणि गाडी न अडखळता वर गेली. माथ्यावर चहाला थांबलो. जुन्या गाडीतून उतरताना मामा आधी दाराला धरून दोन मिनिटं उभे राहतात. त्या दिवशी सरळ उतरून चहाच्या टपरीकडे चालत गेले. मी हे दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "चहाच्या फायद्यासाठी लाखभर घालू व्हय?"

त्याचे बाकीचे मुद्दे मात्र खरे आहेत आणि ते मी मान्य करतो. रात्री दोनला कराडच्या पुढे सेन्सर गेला तर कुपवाडचा आपला मिस्त्री तो उघडूच शकत नाही, कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागेल. शेतात, चिखलात, अडतीच्या अरुंद बोळात गाडी इंच-इंच मागे घ्यायची असेल तर मॅन्युअलच्या अर्ध्या क्लचची मजा एएमटीला नाही, ती हलका हिसका देते. दादाच्या दोन गाड्या उसाला जातात, त्या मॅन्युअलच असाव्यात, ह्यात दुमत नाही. पण ही गाडी वाशीला जाणार आहे. तिचं आयुष्य पुण्याच्या बायपासवर आणि कळंबोलीच्या रांगेत जाणार आहे.

एक मुद्दा मात्र मान्य नाही. तो म्हणजे, "मॅन्युअलमध्ये गाडी ताब्यात राहते." कुणाच्या ताब्यात? नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलावर एका अवजड गाडीने बऱ्याच गाड्या चेपल्या. आधी सगळे ब्रेक फेल म्हणाले. मग सांगण्यात आलं, की डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला नवी हवा नाही, स्टिअरिंगला जोर नाही, इंजिनाचा आपोआप मिळणारा अटकाव नाही. ॲव्हरेजच्या रकान्यात दोन थेंब वाचवायची ही सवय ड्रायव्हरच्या पोटातून येत नाही. फेरीला इतकंच डिझेल, वर लागलं तर तुझ्या पगारातून, असं सांगणाऱ्या मालकाकडून येते. (तू तसं करत नाहीस दादा, पण करणारे तुझ्या ओळखीचे आहेत.) गाडी ताब्यात ठेवायची तर आधी माणूस ताजा हवा. शेकडो क्लच मारून नवले पुलाच्या जामात पोचलेला माणूस किती ताब्यात असतो, ते मी शेजारी बसून पाहिलं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला तो आठवतो? अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, ह्या नव्या कलमावरून. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, म्हणून आपल्याला तो आठवतो. ते कलम मग बाकी कायद्याबरोबर लागू झालं नाही. मी अपघात करून पळणाऱ्याच्या बाजूचा नाही. पण त्या दोन दिवसांत माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे "ह्या लोकांना वठणीवर आणलंच पाहिजे" म्हणत होते, आणि त्यातल्या प्रत्येकाने गेल्या चार वर्षांत स्वतःसाठी ऑटोमॅटिक कार घेतली होती. का घेतली विचारा. "हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय जातो रे!" आठ किलोमीटर. कारचं क्लच.

दादाची सगळ्यात मोठी तक्रार कुठली माहीत आहे? ड्रायव्हर मिळत नाहीत. एक गाडी गेल्या पावसाळ्यात दीड महिना दारात उभी होती. मामांच्या मुलाला लायसन्स काढून देतो म्हणाला, तर तो कुरिअरच्या स्कूटरवर खूश आहे, तीही विजेवरची, गिअर नसलेली. शिवनेरीसुद्धा २०२३ पासून विजेवर धावते आहे, तिलाही गिअर टाकावे लागत नाहीत. तेवीस वर्षांच्या पोराने हे सगळं बघून दादाच्या २०११ च्या लाकडी केबिनमध्ये का बसावं? दादाकडे ह्याचं उत्तर नाही, म्हणून तो म्हणतो पोरं आळशी झाली.

उभ्या गाडीचा हप्ता चुकत नाही. दीड महिन्याचा तो हप्ता आणि बुडालेलं भाडं मी काल मांडून पाठवलं. एएमटीचा जादा पैसा त्यात निम्म्याहून जास्त निघतो. त्याखाली मॅन्युअल गाडीच्या क्लच प्लेटचा खर्चही लिहिला, गेल्या चार वर्षांतल्या त्याच्याच बिलांवरून. अजून उत्तर आलेलं नाही, पण वहिनीचा फोन आला होता, की भाऊजी, तुमच्या दादांनी कालपासून तक्ता दोनदा उघडून बघितला.

रविवारी तासगावला येतोय. दादा, भरलेली जुनी गाडी काढून ठेव. वाशीपर्यंत तू चालव, मामा शेजारी बसतील. मोजायचं यंत्र मी आणतो.